रक्तातील एका सूक्ष्म प्रथिनाचा माग

चेन्नई येथे २००९ साली स्थापन झालेली ‘दात्री’ ही नोंदणी संस्था रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया यांसारख्या आजारांच्या रुग्णांसाठी नात्याबाहेरचे जुळणारे मूळपेशीदाते शोधून देते. अशा दात्याच्या पेशी आज बहुतेक वेळा हाडातून काढल्या जात नाहीत. त्याला सलग चार-पाच दिवस एका प्रथिनाची इंजेक्शने देतात, त्यामुळे अस्थिमज्जेतील मूळपेशी रक्तात उतरतात आणि त्या यंत्राच्या साहाय्याने शिरेतून गोळा करता येतात. या प्रथिनाचे नाव ग्रॅन्युलोसाइट कॉलनी-स्टिम्युलेटिंग फॅक्टर, थोडक्यात जी-सीएसएफ. जंतूंना गिळून टाकणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढवण्याची आज्ञा ते मज्जेला देते. मेलबर्न येथे डोनाल्ड मेटकाफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वृद्धिघटकांवर अनेक दशके संशोधन केले, १९८६ मध्ये मानवी जी-सीएसएफचे जनुक वेगळे करण्यात आले आणि १९९१ मध्ये अमेरिकेत हे प्रथिन औषध म्हणून मान्य झाले. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घसरलेल्या रुग्णांना तेच दिले जाते. हैदराबाद, अहमदाबाद येथील भारतीय कंपन्याही आता ते बनवतात.

हे प्रथिन मोजायचे कसे, हा प्रश्न मात्र सोपा नाही. निरोगी माणसाच्या एक मिलिलीटर रक्तद्रवात जी-सीएसएफ जेमतेम काही डझन पिकोग्रॅम असते, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा लाख-कोटीवा भाग. उलट त्याच मिलिलीटरमध्ये इतर प्रथिने साठ ते ऐंशी मिलिग्रॅम, म्हणजे अब्जपटीने अधिक असतात. या गर्दीतून नेमके तेच उचलणे कोणत्याही साध्या रासायनिक परीक्षेला जमत नाही, आणि म्हणून येथे प्रतिपिंड लागते. परक्या पदार्थाचा विशिष्ट आकार ओळखून त्याला चिकटणारे प्रथिन म्हणजे प्रतिपिंड. मानवी जी-सीएसएफ उंदराला टोचल्यावर त्याच्या प्लीहेत प्रतिपिंड बनवणाऱ्या पेशी तयार होतात. त्यांचा कर्कपेशींशी संयोग घडवला, तर एकाच प्रकारचे प्रतिपिंड अखंड निर्माण करणारी पेशीरेषा मिळते. केलर आणि मिल्श्टाइन या शास्त्रज्ञांनी १९७५ मध्ये केंब्रिज येथे सिद्ध केलेली ही पद्धत आजच्या बहुतेक चाचण्यांचा पाया आहे.

चाचणीत एक नव्हे, दोन प्रतिपिंडे वापरतात. पहिले तबकडीच्या तळाशी बसवलेले असते व ते जी-सीएसएफला पकडून ठेवते. दुसरे त्याच रेणूच्या वेगळ्या भागाला जोडले जाते आणि त्याच्यावर बांधलेले विकर रंग निर्माण करते. रंग जितका गडद, तितके प्रथिन अधिक. दोन्ही खुणा एकाच वेळी पटाव्या लागत असल्याने चुकीची ओळख होण्याची शक्यता पुष्कळ घटते. तरीही काही रुग्णांच्या रक्तात उंदराच्या प्रतिपिंडांनाच चिकटणारी प्रतिपिंडे असतात, ती चाचणीतील दोन्ही प्रतिपिंडांना एकमेकांशी जोडतात आणि खोटा रंग उमटतो. शिवाय जिवाणूंत बनवलेल्या औषधी जी-सीएसएफवर नैसर्गिक रेणूवर असणारी शर्करेची साखळी नसते. त्यामुळे निवडलेले प्रतिपिंड दोन्ही रूपे सारखीच मोजते की नाही, हे वापरापूर्वी तपासणे आवश्यक ठरते.

याहून महत्त्वाची मर्यादा अशी की प्रतिपिंड आकार ओळखते, कार्य नव्हे. उष्णतेने अंशतः बिघडलेला, पेशींवर काहीच परिणाम न करणारा रेणूही चाचणीत मोजला जाऊ शकतो, आणि म्हणून औषधाच्या गुणवत्तेचा निर्णय केवळ रंगावरून घेणे हा रुग्णावर अन्याय ठरेल. या कारणाने औषधाची शक्ती ठरवताना एनएफएस-६० या उंदराच्या पेशींवर ते टाकून पेशी प्रत्यक्ष वाढतात का, हे पाहिले जाते.

मूळपेशीदानात मात्र जी-सीएसएफ किती आहे यापेक्षा त्याने काय घडवले हे पाहावे लागते, आणि तिथेही साधन प्रतिपिंडच असते. मूळपेशींच्या पृष्ठभागावरील सीडी-३४ या खुणेला चिकटणारे, चकाकणारे रंगद्रव्य लावलेले प्रतिपिंड दात्याच्या रक्ताच्या नमुन्यात मिसळतात आणि फ्लो सायटोमीटर हे यंत्र एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन चकाकणाऱ्या पेशी मोजते. रुग्णाच्या दर किलो वजनामागे अशा किमान वीस लाख पेशी हव्या असतात. त्या भरल्या नाहीत, तर दात्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा पेशी गोळा करणाऱ्या यंत्रावर बसावे लागते.