तडित् अभिज्ञातक, घरगुती

तडित् विसर्जन (वीज चमकणे वा पडणे) घडल्याचे ओळखणाऱ्या आणि शक्य तेथे त्याचे अंतर, दिशा किंवा स्थान दर्शविणाऱ्या उपकरणास तडित् अभिज्ञातक म्हणतात. संकलित मंडले स्वस्त झाल्यापासून तापमान, पाऊस, वारा इ. मोजणाऱ्या घरगुती हवामान केंद्रालाही असे उपकरण जोडता येते. त्याची निवड करताना किंमत वा पल्ला यांपेक्षा, त्याच्याकडून कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे, हे प्रथम ठरविणे आवश्यक असते. वीज जवळ आली आहे काय, ती कोठे पडली आणि वर्षभरात किती वादळे झाली, हे तीन निरनिराळे प्रश्न असून त्यांसाठी निरनिराळी साधने लागतात.

तत्त्व : तडित् विसर्जनातील प्रवाह अत्यल्प काळात हजारो अँपिअरपर्यंत वाढतो व त्यातून विद्युत् चुंबकीय तरंग उत्सर्जित होतात. रेडिओवर पावसाळ्याच्या तोंडी ऐकू येणारी खरखर ही त्यांचीच. रशियन भौतिकीविज्ञ ए. एस. पपॉव्ह यांनी १८९५ मध्ये धातूचा कीस भरलेल्या नलिकेच्या साहाय्याने असे तरंग टिपणारे उपकरण तयार केले. आजची बहुतेक उपकरणे याच तत्त्वावर चालतात. मात्र मिळालेला स्पंद विजेचा की अन्य कशाचा, हे ठरविण्याचे काम आता सूक्ष्म मंडले व संगणक करतात.

प्रकार : (१) अंतरदर्शक : घरगुती वापरातील सर्वांत स्वस्त प्रकार. यांपैकी अनेकांत एएस ३९३५ हे संकलित मंडल असते. ते सु. ५०० किलोहर्ट्झ कंप्रतेचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांची संख्या) तरंग टिपते आणि सु. ४० किमी.पर्यंतच्या वादळाच्या पुढच्या कडेचे अंतर टप्प्याटप्प्याने दर्शविते. हे अंतर प्रत्यक्ष मोजलेले नसून स्पंदांच्या तीव्रतेवरून काढलेला सांख्यिकीय अंदाज असतो. दिशा मुळीच कळत नाही. अमरावती जिल्ह्यातील वलगाव येथील केंद्राने १० किमी. अंतर दाखविल्यास वादळ आग्नेयीस अमरावती शहराकडे आहे की वायव्येस अचलपूरच्या वाटेवर, हे त्यावरून सांगता येत नाही. अचलपूर या उपकरणाच्या पल्ल्यात येते. चिखलदरा व अकोला त्याबाहेर राहतात.

(२) दिशादर्शक : यात परस्परांशी काटकोनात बसविलेल्या दोन वेटोळ्यांचा आकाशक असतो. दोन वेटोळ्यांतील संकेतांच्या गुणोत्तरावरून दिशा मिळते. अंतर मात्र येथेही तीव्रतेवरूनच अंदाजले जाते. त्यामुळे दूरची प्रबळ वीज जवळची आणि जवळची क्षीण वीज दूरची भासते. बोल्टेक या कॅनडातील कंपनीची उपकरणे या प्रकारची आहेत. त्यांचा पल्ला काही शेकडो किमी. असून वादळाचे मार्गक्रमण पाहण्यास ती उपयुक्त ठरतात.

(३) जालकातील केंद्र : विजेचे स्थान अचूक ठरवावयाचे तर एक उपकरण पुरत नाही. एकच स्पंद निरनिराळ्या केंद्रांवर किंचित वेगवेगळ्या वेळी पोहोचतो. दोन केंद्रांमधील कालभेदावरून अपास्त वक्र मिळतो व अनेक वक्रांच्या छेदावरून स्थान निश्चित होते. रेडिओ तरंग एका मायक्रोसेकंदात (सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात) सु. ३०० मी. जात असल्याने कालमापनातील तेवढी चूकही स्थानात शेकडो मीटरांचा फरक पाडते. म्हणून प्रत्येक केंद्राचे घड्याळ उपग्रहांच्या संकेतांशी जुळविलेले असते. जर्मनीतील एगोन व्हांके यांच्या पुढाकाराने उभे राहिलेले ‘ब्लिट्झऑर्टुंग’ हे हौशी निरीक्षकांचे जालक असेच चालते. त्यातील उपकरण एकट्याने स्थान दाखवीत नाही आणि आसपासची केंद्रे विरळ असल्यास अचूकता घटते.

(४) विद्युत् क्षेत्रमापक : वरील तिन्ही प्रकार वीज चमकल्यानंतरच तिची नोंद करतात. मस्तकावर वाढणाऱ्या ढगातून पहिलीच वीज पडली, तर त्यांच्याकडून पूर्वसूचना मिळत नाही. फिरत्या झडपेचा क्षेत्रमापक मात्र ढगातील विद्युत् भारामुळे जमिनीलगत होणारा बदल आधीच दाखवू शकतो. निरभ्र हवेत हे क्षेत्र दर मीटरला सु. १०० व्होल्ट असते व गर्जमेघाखाली ते हजारो व्होल्टांवर जाते. हे उपकरण महाग असून धुळीमुळे त्याची वारंवार साफसफाई करावी लागते.

जागेची निवड : उपकरणाची विश्वसनीयता त्याच्या जागेवर अवलंबून असते. मोटारपंपाचा स्टार्टर, इन्व्हर्टर, हलक्या प्रतीचे एलईडी दिवे व वीजवाहक तारांवरील ठिणग्या यांतून विजेसारखेच स्पंद निघतात. रानडुकरांपासून पिके राखण्यासाठी वऱ्हाडात लावली जाणारी झटका यंत्रे ठरावीक अंतराने स्पंद सोडतात. निरभ्र रात्री नियमित कालांतराने ‘विजा’ नोंदल्या गेल्यास प्रथम त्यांचा संशय घ्यावा. खरेदीनंतर काही दिवस उपकरण निरनिराळ्या जागी ठेवून खोट्या नोंदी मोजाव्यात व सर्वांत शांत जागा निवडावी. या उपकरणास उंच खांबाची गरज नसते. मोकळ्या शेतातील उंच खांब विजेला आमंत्रणच ठरतो.

आज्ञावली : वीवेक्स व क्युम्युलस एमएक्स या निःशुल्क आज्ञावल्यांत विजांची संख्या व अंतर साठविण्याची सोय आहे. वीवेक्समध्ये विजा, अन्य स्पंद व गोंगाट यांच्या नोंदींसाठी स्वतंत्र रकाने असल्याने नोंदींचा खरेखोटेपणा पुढे तपासता येतो. दर पाच मिनिटांनी होणारी नोंद अभ्यासास पुरेशी असली, तरी इशाऱ्यासाठी ती उशिराची ठरते. इशारा उपकरणाकडून थेट मिळावयास हवा. वादळात प्रथम वीजपुरवठा व पाठोपाठ इंटरनेट खंडित होते, म्हणून इशारा देणारा भाग विजेरीवर चालणारा असणे इष्ट असते.

सार्वजनिक यंत्रणा : पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने २०१४ मध्ये महाराष्ट्रात २० संवेदकांचे तडित् स्थाननिश्चिती जालक उभारले व नंतर ते देशभर वाढविले. त्यावर आधारित ‘दामिनी’ हे मोबाइल अ‍ॅप वापरकर्त्यापासून २० व ४० किमी. परिसरातील विजांची सूचना देते. वीज कोठे पडली एवढेच जाणून घ्यावयाचे असल्यास दिशादर्शक उपकरण घेण्यापेक्षा हे अ‍ॅप अधिक अचूक उत्तर देते. घरगुती अंतरदर्शकाचा उपयोग संपर्क तुटल्यावर आणि एकाच ठिकाणची दीर्घकालीन नोंद ठेवण्यासाठी होतो.

पडताळा व मर्यादा : हवामान वेधशाळेत निरीक्षकास मेघगर्जना ऐकू आली, तर तो दिवस गडगडाटी वादळाचा म्हणून नोंदविला जातो. घरगुती केंद्रचालकाने एक हंगामभर अशी नोंद हाताने ठेवून ती उपकरणाच्या नोंदीशी ताडून पाहावी. चमक व गडगडाट यांमधील प्रत्येक तीन सेकंद म्हणजे सु. एक किमी. अंतर, यावरून उपकरणाने दाखविलेले अंतरही पारखता येते.

वऱ्हाडात जूनमधील पेरणी व ऑक्टोबरमधील सोयाबीनची काढणी या दोन्ही वेळी माणसे उघड्या शेतात असतात आणि तोच गडगडाटी वादळांचाही काळ असतो. हे अंतर ३० सेकंदांहून कमी होताच, किंबहुना गडगडाट ऐकू येताच, झाड वा उघडे छप्पर टाळून पक्क्या घरात किंवा बंद मोटारगाडीत आश्रय घ्यावा आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे बाहेर पडू नये. उपकरणाने नोंद केलेली नसली, तरी हा नियम पाळावा. वादळ चालू असताना उपकरण पाहण्यासाठीही बाहेर जाऊ नये.