संदर्भनिर्देशाचे शिक्षण आणि ग्रंथालयीन कार्यशाळा

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी ग्रंथालयांतून संदर्भनिर्देशाविषयी ज्या कार्यशाळा घेतल्या जातात, त्यांना विद्यार्थी बहुधा नाइलाजाने बसतात, ही गोष्ट ग्रंथपाल व अध्यापक या उभयतांच्या परिचयाची आहे. याचा दोष सामान्यतः विद्यार्थ्यांच्या अनास्थेला दिला जातो. परंतु कार्यशाळेचा आरंभ कोठून होतो हे पाहिल्यास दोषाचे मूळ अन्यत्र आढळते. लेखकाचे आडनाव आधी की नाव आधी, वर्ष कंसात की शेवटी, स्वल्पविराम कोठे व पूर्णविराम कोठे, अशा नियमांनी बहुतेक वर्गांचा प्रारंभ होतो. हे नियम ज्या गरजेतून निर्माण झाले, ती गरज जाणवण्यापूर्वीच ते विद्यार्थ्याच्या हाती पडतात.

संदर्भनिर्देश हा वस्तुतः वाचकाला दिलेला पत्ता होय. लेखकाचे विधान कोठून आले, आणि ते पडताळून पाहावयाचे असल्यास वाचकाने कोठे जावे, एवढेच त्यात सांगावयाचे असते. हे तत्त्व व्याख्यानापेक्षा प्रत्यक्ष कृतीने लवकर पटते. उदाहरणार्थ, मराठीच्या विद्यार्थ्यांचे दोन गट करून एकास वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली प्रसिद्ध केलेली ज्ञानेश्वरी व दुसऱ्यास एखादी प्रचलित सांप्रदायिक प्रत द्यावी. राजवाडे-प्रतीत ओव्यांची संख्या कमी असल्यामुळे दोन्ही प्रतींचे ओवीक्रमांक अनेक ठिकाणी जुळत नाहीत. असे एक स्थळ ग्रंथपालाने आधीच हेरून ठेवावे, आणि त्याच अध्यायातील त्याच क्रमांकाची ओवी दोन्ही गटांना मोठ्याने वाचावयास सांगावी. दोन निराळ्या ओव्या कानी पडल्या की ‘कोणती प्रत?’ हा प्रश्न विद्यार्थीच विचारतात. संपादक, प्रकाशनवर्ष व आवृत्ती यांचा उल्लेख का करावयाचा, हे त्यानंतर वेगळे शिकवावे लागत नाही.

विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्यांसाठी पालकाच्या भाजीची कथा उपयोगी आहे. १९८१ साली टेरेन्स हॅम्ब्लिन यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये असे लिहिले, की एका जुन्या विश्लेषणात दशांशचिन्ह चुकीच्या जागी पडल्यामुळे पालकातील लोहाचे प्रमाण दहापट मानले गेले. या विधानाला त्यांनी आधार दिला नव्हता. तरीही शास्त्रीय लेखनात दक्षता किती आवश्यक आहे याचा दाखला म्हणून ही कथा पुढे अनेकांनी उद्धृत केली. २०१० साली माइक सटन यांनी तिचे मूळ शोधले, तेव्हा दशांशचिन्हाच्या चुकीला पुरावा आढळला नाही. २०१४ साली ओले ब्यॉर्न रेकदाल यांनी ‘सोशल स्टडीज ऑफ सायन्स’ या नियतकालिकात या प्रकरणाची चिकित्सा करून, मूळ लेखन न पाहता दुसऱ्याचे संदर्भ उचलण्याच्या सवयीकडे लक्ष वेधले. विद्यार्थ्यांना ही कथा सांगून थांबू नये. त्यांच्याच पाठ्यपुस्तकातील एखादे विधान देऊन त्याचा माग काढावयास लावावे, आणि वाट कोठे तुटते ते फळ्यावर लिहावे.

दुसरी अडचण वाचनाची आहे. हॉवर्ड, सर्व्हिस व रॉड्रिग या अमेरिकन अभ्यासकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या लेखात विद्यार्थ्यांचे १८ निबंध तपासले होते. त्यांपैकी एकातही आधारभूत लेखनाचा सारांश आढळला नाही. विद्यार्थी त्यातील सुट्या वाक्यांवरून लिहीत होते. ज्याला मूळ युक्तिवाद समजलेला नाही, त्याला शब्द बदलण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही, आणि वाङ्मयचौर्य पुष्कळदा तेथेच, अजाणता घडते. म्हणून कार्यशाळेत एक पान वाचावयास द्यावे, पुस्तक मिटावयास सांगावे व दोन वाक्यांत आशय लिहून घ्यावा. नंतर पुस्तक उघडून, लेखकाचे जे शब्द आपल्या लेखनात उतरले असतील ते ज्याचे त्याने अधोरेखित करावेत. अवतरण, शब्दांतर व सारांश यांतील भेद स्वतःच्या हस्ताक्षरात दिसला म्हणजे तो विसरला जात नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार साम्याचे प्रमाण १० टक्क्यांपर्यंत असल्यास शिक्षा नाही; त्यापुढे श्रेणीनुसार कारवाई आहे. असे बंधन आवश्यकच आहे. तथापि केवळ त्यावर भर दिल्यास विद्यार्थी ‘किती टक्के चालते?’ असे विचारू लागतो, आणि ‘हा विचार कोणाचा?’ हा प्रश्न मागे पडतो. संदर्भांची मांडणी आता संगणकही करून देतो. मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कित्येकदा अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथांचे संदर्भ रचतात, आणि त्यांतील विरामचिन्हे बिनचूक असतात.

यावरून कार्यशाळेचा क्रम ठरतो. ती सत्रारंभी न घेता विद्यार्थ्यांच्या हाती निबंधाचा विषय असताना घ्यावी. ग्रंथपालासह अध्यापकानेही उपस्थित राहावे. शोध व वाचन यांना अधिक वेळ देऊन, विभागाने स्वीकारलेल्या एकाच पद्धतीचे नियम अखेरीस छापील पत्रकाने द्यावेत. तिची परीक्षाही सोपी आहे. निबंध लिहून झाल्यावर प्रत्येकाने सहाध्यायाच्या सूचीतील एक संदर्भ घेऊन त्या पानापर्यंत पोहोचावे. पान सापडले आणि त्यावर ते विधानही आढळले, तर कार्यशाळा सफल झाली असे समजावे.