जुन्या मालमोटारीस नव्या तारा
हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ तालुक्यांत जवळा बाजार हें नांवाप्रमाणेंच बाजाराचें गांव आहे. सुगीच्या दिवसांत अशा गांवीं कापूस, सोयाबीन, हळद हा माल मालमोटारींवर चढतो, आणि तें काम पुष्कळदां रात्रीपर्यंत लांबतें. अशा वेळीं जुन्या गाडीच्या मालकास वाटतें कीं, माल चढवितांना पाठीमागें दोन दिवे असावेत आणि चालकापाशीं एक पंखा असावा. इच्छा रास्त आहे. परंतु ती पुरी करण्याची रूढ रीत धोक्याची आहे.

त्या रीतीनें जवळची एखादी तार सोलतात, तिला नवी तार पिळून जोडतात आणि वर चिकटपट्टी गुंडाळतात. मूळची तार, बटण व फ्यूज हीं मूळच्या दिव्यांपुरतींच योजिलेलीं असतात. भार वाढला कीं फ्यूज वितळतो. मग कोणी तरी त्याच्या जागीं अधिक मोठा फ्यूज अथवा तारेचा तुकडा बसवितो. दिवा लागतो आणि दुरुस्ती झाली असें सर्वांस वाटतें. वस्तुतः पहारेकऱ्यास रजा मिळालेली असते.

फ्यूज हा तारेचा पहारेकरी होय. प्रवाह दुप्पट झाला तर तारेंतील उष्णता चौपट होते. तारेचें आवरण वितळण्यापूर्वीं ही मुद्दाम दुबळी ठेवलेली कडी तुटावी, अशी योजना असते. कडीच तारेहून बळकट केली तर तार तापून पेट घेते. आणि गाडींत कापूस भरलेला असेल तर पुढचें सांगावयास नको.

योग्य मार्ग म्हणजे नव्या दिव्यांस बॅटरीपासून स्वतंत्र वाट देणें. प्रथम हिशेब करावा. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट. १२ व्होल्टच्या गाडींत त्यांस सुमारें ९ अँपिअर प्रवाह लागतो. २४ व्होल्टच्या गाडींत त्या दाबाचे दिवे घ्यावे लागतात आणि प्रवाह निम्मा होतो. ९ अँपिअरसाठीं २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार व १५ अँपिअरचा फ्यूज पुरे. पंख्यास निराळी तार आणि निराळा लहान फ्यूज असावा.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर हवा. बॅटरी व फ्यूज यांमधील तारेस कोणाचेंच रक्षण नसतें, आणि ती लोखंडास टेकली तर शेंकडों अँपिअर प्रवाह वाहूं शकतो. दिव्यांचा सर्व प्रवाह बटणांतून न नेतां रिले बसवावा. त्याच्या ३० अंकाच्या टोंकास फ्यूजकडून येणारी तार, ८७ ला दिव्यांची तार, आणि ८५ व ८६ यांपैकीं एकास बटणाची तार व दुसऱ्यास सांगाड्याची तार जोडावी. काम आरंभण्यापूर्वीं बॅटरीची सांगाड्यास जोडलेली तार सोडवावी. पत्र्याच्या भोंकांतून तार नेतांना रबरी कडें घालावें. सांगाड्यास तार जोडावयाची जागा रंग व गंज खरवडून स्वच्छ करावी.

हल्लींच्या चपट्या फ्यूजांस ठराविक रंग असतात: १० अँपिअरचा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा, ३० चा हिरवा. निळ्याच्या जागीं निळाच, एवढा नियम अक्षरशत्रू मनुष्यासही पाळतां येतो.

शहरांतील घरांनाही हाच न्याय लागू आहे. फ्यूज पुनःपुन्हा जाऊं लागला कीं त्याच्या जागीं जाड तार भरणारे सुशिक्षितही आढळतात. फ्यूज जातो तेव्हां त्या वाटेंत कोठें तरी दोष आहे अथवा भार अधिक आहे, एवढेंच तो सांगत असतो. तें कारण आधीं शोधावें आणि मग तितक्याच अँपिअरचा नवा फ्यूज बसवावा.