जुन्या मोटारीचे चाक घेण्यापूर्वी त्याच्या भोकांचे माप घ्यावे

वडीगोद्री येथे जालन्याकडून येणारा रस्ता धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गास मिळतो. जवळच अंकुशनगर येथे समर्थ सहकारी साखर कारखाना असल्यामुळे गळिताच्या हंगामात या टापूत उसाच्या गाड्यांची वर्दळ असते. टायरच्या बैलगाडीस अगर लहान ट्रेलरला भंगारातून जुन्या मोटारीचे चाक आणून बसविणे हा काटकसरीचा मार्ग होय. परंतु असे चाक घेताना टायर व रिमचा गंज तेवढा पाहिला जातो; भोकांची आखणी सहसा कोणी मोजीत नाही. भरल्या गाडीचे चाक उतारावर निखळले, तर बैल व गाडीवान या दोहोंच्या जिवावर बेतते.

चाक ज्या बोल्टांनी हबला आवळले जाते, त्यांचे मध्यबिंदू एका वर्तुळावर असतात. त्या वर्तुळाचा व्यास, म्हणजे कारागीर ज्यास पीसीडी म्हणतात तो, आणि बोल्टांची संख्या या दोहोंवरून चाकाची ओळख पटते. भोकाचा मध्य नजरेने नेमका सापडत नाही. यास्तव एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत पट्टी धरावी; येणारे अंतर मध्यापासून मध्यापर्यंतचेच असते.

चार अगर सहा भोके असल्यास समोरासमोरील दोन भोकांमधील अंतर हाच व्यास होय. पाच भोकांच्या चाकात मात्र कोणत्याही भोकासमोर बरोबर दुसरे भोक येत नाही. तेथे शेजारच्या दोन भोकांमधील अंतरास १.७०१ ने गुणावे. नंतर मधले एक भोक सोडून पुढच्या भोकापर्यंतचे अंतर घ्यावे व त्यास १.०५१ ने गुणावे. जमीन मोजताना बाजू मोजून झाल्यावर कर्ण मोजून खात्री करतात, तसाच हा पडताळा आहे. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर माप पुन्हा घ्यावे.

उदाहरणार्थ, जुन्या विलीज जीपला पाच भोके असून व्यास साडेपाच इंच, म्हणजे १३९.७ मिलिमीटर असतो. तेथे शेजारच्या भोकांतील अंतर सुमारे ८२ व एक भोक सोडून सुमारे १३३ मिलिमीटर भरते. अँबॅसडरला चार भोके व व्यास ११४.३ मिलिमीटर, मारुती ८०० चेही माप तेच. प्रीमियर पद्मिनीस भोके चारच, परंतु व्यास ९८ मिलिमीटर. यावरून केवळ भोके मोजून चाक घेणे किती धोक्याचे आहे, हे ध्यानात येईल.

मुळीच न बसणारे चाक फारसे नुकसान करीत नाही, कारण ते तेथल्या तेथे परत केले जाते. खरा घात करते ते जवळजवळ बसणारे चाक. ९८ च्या हबवर १०० चे चाक ठोकून बसविता येते. तथापि नटाचा निमुळता भाग भोकाच्या खोबणीत सारखा टेकत नाही. बोल्ट वाकड्या ताणात राहतात, नट सैल होतात, भोके लांबट होतात व शेवटी बोल्ट तुटतो. कानशीने भोक वाढविणे हा उपाय नव्हे. त्याने नट टेकण्याची जागाच नाहीशी होते.

व्यास जुळल्यावरही मधले मोठे भोक हबवर नीट बसते की नाही आणि नटांचे आटे बोल्टांशी जुळतात की नाही, हे पाहावे. जुन्या विलीज जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलट आट्यांचे नट असत. ते नेहमीच्या दिशेने सोडू गेल्यास अधिकच आवळतात. चाक बसविताना नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावे आणि थोडी वाट चालल्यावर पुन्हा तपासावे.

प्रत्येक शेतकरी बंधूने आपल्या गाडीच्या हबचे बोल्ट, व्यास व मधल्या भोकाचे माप एकदा वहीत टिपून ठेवावे आणि बाजारास जाताना ती वही व पट्टी बरोबर न्यावी. विकणाऱ्याच्या तोंडी भरवशापेक्षा हे टिपण अधिक खात्रीचे आहे.