मिठाच्या पाण्याच्या दिव्यात झिजतं काय?

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातलं वडनेर समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत आहे. गावात वीजही आहे. तरी मिठाच्या पाण्यावर लागणाऱ्या दिव्याची बातमी इथे कान टवकारून ऐकली जाईल. रात्रीच्या पाळीत वीज आली की ओलिताला जायचं, रानडुकरं लागली की जागलीला बसायचं. बिनखर्चाचा उजेड कोणाला नको?

पण बिनखर्चाचा हाच मूळ गैरसमज. वीज मिठातून येते असं वाटतं, ती येते धातूतून. दिव्यात एका बाजूला बहुधा मॅग्नेशियमची पट्टी असते, दुसऱ्या बाजूला हवेतला ऑक्सिजन घेणारा कार्बनचा थर. मधलं खारं पाणी विद्युतभारित कणांना वाट करून देतं, एवढंच. मीठ तसंच राहतं, पट्टी झिजत जाते. व्होल्टाने १८०० मध्ये जस्ताच्या चकत्यांना लागून मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे रचले, तेव्हाही खर्ची पडत होतं ते जस्तच.

हिशेब करून पाहू. एक ग्रॅम मॅग्नेशियममधून फार तर २.२ अँपिअर-तास मिळतात. अशा एका विद्युतघटाचा (सेलचा) दाब सव्वा-दीड व्होल्ट धरला, तर सुमारे तीन वॅट-तास. म्हणजे एक वॅटचा एलईडी आठ तास लावायला जवळपास तीन ग्रॅम धातू हवा. प्रत्यक्षात जास्तच लागतो, कारण थोडा धातू थेट पाण्याशी भिडून हायड्रोजन सोडत वाया जातो. तळाशी पांढरा गाळ बसतो, तो मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा. भांडं वरचेवर धुवावं लागतं. एवढ्या शक्तीवर पंखा फिरण्याची आशा धरू नये.

समुद्राचंच पाणी हवं, हेही खरं नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचा 'रोशनी' दिवा ऑगस्ट २०२२ मध्ये जाहीर झाला, तेव्हाच साध्या पाण्यात मीठ घालूनही तो चालतो असं सांगितलं होतं. मात्र अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यातलं विहिरीचं पाणी तसंच ओतून भागेल असं समजू नये. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. विहिरीचं पाणी तोंडाला खारट लागलं तरी त्याच्या जवळपास जात नाही.

मग हा दिवा कोणासाठी? पुरात अडकलेल्यांसाठी, मासेमारीच्या होडीसाठी. कोरडा ठेवला तर तो वर्षानुवर्षं टिकतो आणि खारं पाणी ओतताच लागतो. हा गुण मला खरोखर मोलाचा वाटतो. रोजच्या जागलीला मात्र सौर कंदील बरा. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या घारापुरीच्या घरांतही २०१८ मध्ये कायमची वीज आली, ती समुद्राखालून टाकलेल्या केबलने.

दिव्यात काय खर्ची पडतं आणि ते कुठून येतं, हा विचार वर्ध्याला नवा नाही. अखिल भारत ग्रामोद्योग संघाने मगनवाडीत वनस्पती तेलावर जळणाऱ्या 'मगन दीपा'चा पुरस्कार केला. रॉकेलचा पैसा गावाबाहेर जातो, तेल गावच्या घाण्यावर निघतं, हा संघाच्या जे. सी. कुमारप्पांचा मुद्दा होता. मीठ वडनेरच्या कोणत्याही किराणा दुकानात मिळेल. मॅग्नेशियमची पट्टी कारखान्यातूनच येते, आणि तो धातू काढायला भरपूर ऊर्जा लागते. असा दिवा कोणी विकायला आला, तर त्याला आधी बदलीच्या पट्टीची किंमत विचारावी, आणि ती हिंगणघाटच्या बाजारात मिळते का तेही.