बर्फाची सहल आणि वेठीचा हिशेब

मे महिना जवळ आला की आमच्या वस्त्या-कॉलन्यांतून सिमला-कुलू-मनालीचे बेत ठरू लागतात. बँकेतला कर्मचारी, जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक, महावितरणमधला अभियंता, सारे रजा प्रवास सवलतीचे फॉर्म भरतात. ज्यांच्या आजोबांनी गावकीची वेठ केली, त्यांची नातवंडे बर्फाचे गोळे करून एकमेकांना मारतात. आम्हाला याचा आनंदच आहे. समाजातील काही मंडळी यावर नाक मुरडतात. ‘शिकले, नोकरीला लागले आणि आता थंड हवेला निघाले’ असे टोमणे मारतात. आम्हाला ते मान्य नाही. कष्टकऱ्याने विश्रांती घेऊ नये, हा विचार वर्णव्यवस्थेचा आहे, बाबासाहेबांचा नाही.

उलट सुटीशी बाबासाहेबांचे नाते फार जवळचे आहे. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते. त्याच काळात, १९४५ साली, कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन कामगाराला पगारी सुटीचा हक्क मिळाला. पुढच्याच वर्षी कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. तेव्हा सहलीला जाणाऱ्या आमच्या बांधवांनी मान खाली घालण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. आमची सुटी ज्यांच्या पाठीवर साजरी होते, त्यांना सुटी आहे काय?

सिमल्याचेच उदाहरण घेऊ. १८६४ साली इंग्रजांनी या शहराला उन्हाळी राजधानी केले. कालका-सिमला रेल्वे आली १९०३ साली. त्याआधी आणि नंतरही साहेबाचे सामान आणि खुद्द साहेब डोंगर चढले ते माणसांच्या बळावर. एका रिक्षाला चार-चार माणसे जुंपली जात. आसपासच्या लहान लहान संस्थानांतील खेड्यांना सरकारी कामासाठी आणि प्रवाशांसाठी ओझेकरी पुरवावे लागत. या सक्तीला तिकडचा शब्द आहे ‘बेगार’. कोटगढला स्थायिक झालेले अमेरिकन गृहस्थ सॅम्युअल स्टोक्स, पुढचे सत्यानंद स्टोक्स, यांनी १९२१ च्या सुमारास या बेगारीविरुद्ध डोंगरी शेतकऱ्यांना उभे केले. इकडे महाराष्ट्रात १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. महार वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबवून घेणे आणि डोंगरातली बेगार, ही एकाच झाडाची फळे होती.

म्हणूनच भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ मध्ये ‘बेगार’ हा आपल्या मातीतला शब्द जसाच्या तसा आला आहे. इंग्रजी मसुद्यातही तो इंग्रजीत उतरवला गेला नाही. ३ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत या अनुच्छेदावर चर्चा झाली, तेव्हा तो मसुद्यात सतरावा होता. वकिली करताना आम्हाला या अनुच्छेदाचे मोल सतत जाणवते, कारण तो फक्त सरकारला बांधत नाही. खासगी मालकालाही बांधतो. १९८२ साली आशियाई क्रीडा स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले की, किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर करून घेतलेले काम हे सक्तीचेच काम होय. पाठीवर चाबूक असला पाहिजे असे नाही. पोटातली भूक हीसुद्धा सक्तीच असते.

आता या कसोटीवर आजची बर्फाची सहल घासून पाहा. आम्ही या भागात वेगवेगळ्या ऋतूंत गेलो आहोत. सिमल्यापासून साधारण पंधरा किलोमीटरवर कुफ्री आहे, साठ-पासष्ट किलोमीटरवर नारकंडा. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा बर्फाचा हंगाम. तेव्हा भाड्याचे कोट आणि बूट चढवून पर्यटक उतरतात. उन्हाळ्यात कुफ्रीला बर्फ नसतो, पण घोडे असतात. चिखल आणि लीद तुडवत घोडेवाला लगाम धरून चालतो आणि घोड्यावरचा माणूस फोटो काढतो. घोडा ज्याचा स्वतःचा आहे त्याचे एक वेळ भागते. दुसऱ्याचा घोडा रोजावर हाकणाऱ्या पोराचे काय? सिमल्याच्या बसस्टँडवर काश्मिरातून आलेले हमाल उभे असतात. गाव त्यांना सरसकट ‘खान’ म्हणते. गॅसचे सिलिंडर, कपाट, फ्रिज, जे असेल ते दोरीने पाठीला बांधून ते चढ चढतात. आमच्या देखत एका मराठी कुटुंबाने दोन बॅगांसाठी अशा एका वृद्ध हमालाशी वीस रुपयांवरून दहा मिनिटे घासाघीस केली. हॉटेलच्या खोलीला मात्र त्यांनी सांगितला तो दर मोजला होता.

पर्यटक ऋतू निवडतो. तिथल्या कष्टकऱ्याला सगळे ऋतू सोसावे लागतात. २०१८ च्या मे-जूनमध्ये सिमल्यात पाण्याचा दुष्काळ पडला. कित्येक वस्त्यांत दिवसच्या दिवस नळाला पाणी आले नाही, लोक रिकामे हंडे घेऊन रस्त्यावर उतरले. उच्च न्यायालयाला बांधकामे आणि गाड्या धुणे थांबवावे लागले, ग्रीष्मोत्सव पुढे ढकलावा लागला. पाणी कोणाला आधी, हा प्रश्न महाडच्या चवदार तळ्याच्या वारसांना नवा नाही.

पावसाळ्याचे पाहा. १४ ऑगस्ट २०२३ रोजी समर हिल येथे दरड कोसळून शिवमंदिरात जमलेली वीस माणसे गेली. दुसऱ्याच दिवशी, स्वातंत्र्यदिनी, कृष्णानगरचा उतार खचला. कत्तलखाना आणि काही घरे कोसळली, दोघांचा जीव गेला. हे कृष्णानगर म्हणजे सफाई कामगारांची, दलित कुटुंबांची दाट वस्ती. जे शहर झाडतात त्यांच्या वाट्याला शहराचा सर्वांत ठिसूळ उतार यावा, हा निसर्गाचा कोप म्हणायचा की जातीचा नकाशा? गावाबाहेरची जागा आम्हाला कोणी आणि का नेमून दिली होती, हे वाचकांना वेगळे सांगायला नको.

हिमाचलला ‘देवभूमी’ म्हणण्याची पद्धत आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण २५ टक्क्यांहून थोडे अधिक आहे. पंजाबखालोखाल देशात दुसरे. याच देवभूमीत फेब्रुवारी २०१८ मध्ये कुल्लू जिल्ह्यातील एका सरकारी शाळेच्या मुलांना पंतप्रधानांचा परीक्षेवरचा कार्यक्रम दूरदर्शन संचावर दाखवला गेला, तेव्हा दलित विद्यार्थ्यांना वेगळे, घोडे बांधण्याच्या जागेत बसवल्याची तक्रार झाली. ही तक्रार त्या मुलांनी स्वतः वहीच्या कागदावर लिहून दिली, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पर्यटनाच्या रंगीत माहितीपत्रकात ही मुले कुठेच दिसत नाहीत.

आणि हिमालयाकडे बोट दाखवताना आपल्या माथेरानला विसरून चालणार नाही. तिथेही माणूस माणसाला ओढत होता. ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने हातरिक्षा ही मानवी प्रतिष्ठेला न शोभणारी प्रथा ठरवली, ती सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करून ई-रिक्षा देण्याचे आदेश दिले. रिक्षा ओढणाऱ्याची रोजी न हिरावता त्याची मान वर करायची, ही दिशा महत्त्वाची आहे. घोडेवाले आणि हमाल हटवा, एवढे म्हटल्याने न्याय होत नाही. त्यांना पर्यायी साधन आणि कायद्याचे संरक्षण मिळाले पाहिजे.

ते संरक्षण कागदावर आहे. परराज्यातून आलेल्या मजुरांसाठी १९७९ चा स्वतंत्र कायदा होता. तो आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. पण स्वतःच्या पाठीवर धंदा करणारा हमाल आणि रोजावरचा घोडेवाला यांची नोंद कोण करणार? त्यांच्या संघटना बांधल्याशिवाय कोणतीही संहिता त्यांच्या झोपडीपर्यंत पोचणार नाही.

म्हणून समाजबांधवांना आमचे एवढेच सांगणे आहे. सहलीला जरूर जा, मुलाबाळांना बर्फ दाखवा. तो तुमचा हक्क आहे. पण ज्याच्या पाठीवर तुमची बॅग चढते त्याला ‘ए’ म्हणून हाक मारू नका, त्याच्या घामाच्या दामावर घासाघीस करू नका. जमल्यास कृष्णानगरसारख्या वस्तीत एक दुपार घालवा, तिथल्या कार्यकर्त्यांशी ओळख करून घ्या. परत आल्यावर आपल्या संघटनेच्या बैठकीत या असंघटित श्रमिकांचा विषय मांडा. बाबासाहेबांनी वेठ मोडली ती काही एका जातीपुरती नव्हती. वेठीतून सुटलेल्या माणसाने दुसऱ्याला वेठीला धरायचे नसते. जयभीम!