पापडाचा व्हिडिओ टीव्हीवर का लागत नाही?

ताईंनो, प्रदर्शनात टीव्हीला पेनड्राइव्ह लावला आणि आपल्या पापडाचा व्हिडिओ लागलाच नाही, तर गिऱ्हाईक थांबत नाही. म्हणून आधी फाइलच्या नावाचं शेपूट बघा. एमपी४ असेल तर बहुतेक ठिकाणी चालतं. आयफोनचं एमओव्ही असतं, ते अडू शकतं. जुन्या फोनचं थ्रीजीपी मोठ्या पडद्यावर अंधुकच दिसणार.

नुसतं नाव बदलू नका, बरं का! बरणीवरची चिठ्ठी बदलून लिंबाचं लोणचं आंब्याचं होतं का? एमपी४ ही बरणीच, आत एच.२६५ भरलेलं असेल तर जुना टीव्ही चित्र दाखवत नाही. एच.२६४ मध्ये बदलून घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच पाठवा. साधा व्हिडिओ पाठवला तर तो दाबून लहान केला जातो, पापडाचे जिरे दिसत नाहीत.